गंगाफळाचं गोत्र

श्रावणात नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी खानदेशात कानबाई बसते. जळगाव-धुळ्याकडच्या माणसाची पुण्या-मुंबईत नोकरी असो की सुरतेत दुकान, त्या आठवड्यात तो गावाकडच्या गाडीत दाराशी लटकून का होईना, घरी जातोच. दिवाळीला नाही गेलं तर आई रागावते, कानबाईला नाही गेलं तर भाऊबंद रागावतात; आईचा राग दोन लाडवांत निवतो, भाऊबंदांचा राग सातबाऱ्यावर उतरतो. या देवीच्या प्रसादाचे रोट करतात. बऱ्याच घरांत त्यासाठी घरातल्या पुरुषमाणसांच्या नावानं मुठी मोजून गहू घेतात. आजोबांची मूठ, काकांची मूठ, आणि ज्याला अजून स्वतःची मूठ उघडता येत नाही त्या पाळण्यातल्या पोराचीसुद्धा मूठ. सरकारची जनगणना लांबते, ही मोजणी एक वर्ष लांबत नाही. रोट खायचे भाऊबंदांनी. शेजारी कितीही जिवाभावाचा असला तरी त्या दिवशी तो शेजारीच, आणि लग्न होऊन गेलेली लेक त्या दिवशी पाहुणी. कुळ म्हणजे काय, हे धर्मशास्त्राच्या पोथ्यांनी पानंच्या पानं खर्चून सांगितलं; खानदेशानं ते परातीत मोजून दाखवलं.

आता असं एक घर धरा. नवरा पाचोऱ्याकडचा, बायको साक्रीकडची, दोघं नोकरीला जळगावात, आणि दत्तक घेतलेलं मूल आलंय ओडिशातून किंवा झारखंडातून. पूर्वी दत्तक म्हणजे बहुधा पुतण्या. मूल या ओसरीवरून त्या ओसरीवर यायचं. त्याला नवं गाव तर सोडाच, नवी भाजीसुद्धा बघायला मिळायची नाही. आता अर्ज दिल्लीच्या केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे, म्हणजे ‘कारा’कडे, संगणकावरून जातो, यादी साऱ्या देशाची असते आणि मूल परराज्यातूनही येतं. २०२१च्या दुरुस्तीनंतर, सप्टेंबर २०२२पासून, दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. केळीच्या नुकसानभरपाईच्या फायली जिथं थांबतात त्याच कचेरीत आता वंशाचा दिवाही लागतो. पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी मुलाची ख्यालीखुशाली विचारून अहवाल वर जातो. मूल घरात रुळलं का, त्याची तब्येत कशी आहे, हे त्यात येतं. त्याला कळण्याची भाकरी पचते का, हा रकाना नाही, आणि घरातल्या आत्याबाईंचा पहिला प्रश्न नेमका तोच. दुसरा प्रश्न मुठीचा. गहू मोजताना याच्या नावाची मूठ टाकायची की नाही? त्यात ‘कारा’मार्फत दत्तक जाणाऱ्या मुलांमध्ये मुलींची संख्या मुलांपेक्षा सातत्यानं जास्त असते. म्हणजे बऱ्याच घरांत हा प्रश्न दत्तकपणाच्या आधी मुलगी असण्यावरच अडतो, आणि तिथं तो पोटच्या मुलीलाही चुकलेला नाही. नियम देवीचा आहे म्हणून सांगतात. देवी स्वतः बाई आहे, हे मात्र सांगताना विसरतात.

माझं म्हणणं असं की या खटल्याचा निकाल लागून गेलेला आहे, आणि तो खुद्द कानबाईच्या ताटात वाढून ठेवलेला आहे. जरा जवळून बघा. देवीचा चेहरा म्हणजे नारळ. त्याला डोळे लावायचे, नथ घालायची, लुगडं नेसवायचं. तापी-गिरणेच्या काळ्या जमिनीत कापूस होतो, केळी होते. नारळ हा तिथला रहिवासी नव्हे. तो समुद्राकाठून आला, आणि येऊन थेट देवीच झाला. रोटाचा गहू पश्चिम आशियातला. पुरणाचा हरभरा मूळचा तुर्कस्तानाकडचा. आणि हरभऱ्याच्या डाळीबरोबर बऱ्याच घरांत जी भाजी लागतेच लागते ते गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, तर थेट अमेरिकेतला. कोलंबस तिकडं पोचण्याआधी आपल्या कुठल्याही देवीनं त्याचं तोंड पाहिलेलं नव्हतं. कानबाईचं सोवळं असं की कांदा-लसणाला त्या दिवशी चुलीजवळ फिरकू देत नाहीत. शेजारच्या काकूंना रोटाचा तुकडा नाही. भोपळ्याला मात्र कुणी गाव विचारलं नाही, जात विचारली नाही, तो सरळ जाऊन नैवेद्यात बसला. ज्या ताटात बाहेरच्या माणसाला घास नाही त्या ताटातलं जवळजवळ सगळंच बाहेरचं आहे, आणि तरीही ते ताट शंभर नंबरी खानदेशी आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. त्या कशा, हेच मला सांगायचंय.

पुरावा एकाच ताटाचा म्हणाल तर भरिताच्या पार्टीला चला. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे हे वांगं आमचंच, असं सरकारी शिक्क्यानिशी ठरलं. वांगं खरोखरच या बाजूचं. पण लग्नात नवरदेव तेवढा इथला आणि अख्खी वरात परगावची, अशी भरिताची गत आहे. मिरची अमेरिकेची, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा आणि त्याचं तेलही त्याच्याच नात्यातलं, लसूण आणि कांद्याची पात मध्य आशियाकडची, कोथिंबीर भूमध्य समुद्राच्या बाजूची. वांगी भाजायला शेताच्या बांधावर जी पऱ्हाटी पेटवतात ती तरी आपली म्हणावी, तर आज शेतात उभा असलेला कापूस बहुतांशी अमेरिकी कुळातला. बरोबर कळण्याची भाकरी असेल तर तीत ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेले. ज्वारी चारेक हजार वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आलेली, उडीद घरचा, आणि जात्यात गेल्यावर दोघांना वेगळं काढायची कुणाची टाप नाही. आंतरप्रांतीयच काय, आंतरखंडीय विवाह आपण भाकरीला चालवून घेतला, तोही मुहूर्त न काढता. मुक्ताईनं ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मांडे भाजले, अशी कथा आहे. तिचं स्थान आपल्या मुक्ताईनगरला. पण तेराव्या शतकातल्या त्या मांड्यांबरोबर हिरव्या मिरचीचा ठेचा असणं चमत्कारानंही शक्य नव्हतं. मिरची आली ती १४९८नंतर, पोर्तुगीजांच्या गलबतांतून. ज्या मुलखाची सगळी कीर्ती तिखटावर उभी, त्या मुलखाची जीभ मिरी आणि पिंपळीवर कशीबशी दिवस काढत होती. म्हणजे खानदेशी माणसाचा स्वभावच दत्तक आहे, असं म्हणायला जागा आहे. पण ते सांगायला जाताना अंतर राखून उभं राहावं.

हे परके पदार्थ आपले झाले कसे, याचं उत्तर त्यांच्या नावांत आहे. दत्तकविधान झालं की मुलाचं नाव बदलतं, आडनाव बदलतं. मिरची आली तेव्हा तिच्या अमेरिकेतल्या नावाची कुणी चौकशीही केली नाही. मिरीच्या नावाला शेपूट लावलं आणि तिला मिरीच्या घरात घेतलं. शेंगदाण्याला मुगाचं आडनाव दिलं आणि जमिनीत राहतो म्हणून भुईमूग केलं. मुगाच्या भाऊबंदांनी हरकत घेतल्याची नोंद नाही. भोपळ्याला तर थेट गंगेचं नाव, गंगाफळ. अमेरिकेतल्याच एका फळाला सीतेचं नाव देऊन सीताफळ केलं आणि त्याच्या भावाला रामफळ. याउलट बटाटा, पाव, काजू या मंडळींनी पोर्तुगीज नावंच ठेवली. ती घरात सर्रास वावरतात, पण कुळाचारात त्यांना मिरची-भुईमुगाएवढा मान नाही. माहेरचं आडनाव लावणाऱ्या सुनेकडं जसं बघतात तसं त्यांच्याकडं आपण बघतो. केळीचं उदाहरण अजून ताजं आहे. रावेर-यावल पट्ट्यात आज जी केळी उभी असते तिचं जन्मनाव ‘ग्रांद नैन’, म्हणजे फ्रेंचमध्ये ‘मोठी ठेंगणी’. ती कॅव्हेंडिश कुळातली, आणि त्या कुळाला नाव मिळालं एका इंग्रज सरदाराच्या, डेव्हनशायरच्या ड्यूकाच्या, घराण्यावरून. त्याच्या काचघरात १८३०च्या दशकात मॉरिशसहून आणलेलं रोप वाढलं होतं. चीन, मॉरिशस, इंग्लंड आणि मग रावेर अशी ही वंशावळ. शेतकऱ्यानं या सगळ्या सरदारकीचं काय केलं? ‘जी-नाइन’ म्हटलं आणि पाणी सोडलं. आता ती केळी कुणाची, हे विचारायची हिंमत डेव्हनशायरच्या ड्यूकानंही करू नये.

माणसांच्या दत्तकातही पहिलं काम नावाचंच. झाशीच्या नेवाळकरांची जहागीर पारोळ्याला. याच घराण्याच्या एका शाखेतला आनंदराव हा छोटा मुलगा २० नोव्हेंबर १८५३ रोजी झाशीच्या गंगाधररावांना दत्तक गेला आणि दामोदरराव झाला. लक्ष्मीबाईंचा तान्हेपणी गेलेला मुलगा होता, त्याचंच नाव. दुसऱ्या दिवशी गंगाधरराव वारले आणि गव्हर्नर जनरल डलहौसीनं दत्तक नामंजूर केलं. मुलगा काय खातो, कुठली बोली बोलतो, पूजा कशी करतो, यातलं डलहौसीला काही पडलेलं नव्हतं. त्याचा डोळा जमिनीवर होता. माझ्या मते डलहौसी हा हिंदुस्थानातला सगळ्यात मोठा भाऊबंद. ‘परकं रक्त’, ‘आपले संस्कार’, ‘आपली रीत’ असा सूर घरात लागला की कान टवकारावेत. त्या सुराच्या मागं बहुधा बांधाच्या मोजणीचा आवाज असतो. दुसरं उदाहरण सुखाचं. मालेगाव तालुक्यातलं कवळाणं हे गाव जिल्ह्यानं नाशिकचं, पण जिभेनं अहिराणी मुलखाचं. तिथला गोपाळराव २७ मे १८७५ रोजी, बाराव्या वर्षी, बडोद्याच्या जमनाबाईंना दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. शेतकऱ्याचं अक्षरओळख नसलेलं पोर, राज्य गुजरातेत, पहिली राणी तंजावरची, तिच्यामागं दुसरी आली ती देवासची. अनेक संस्कृतींचं कुटुंब म्हणून आज ज्याचं कौतुक करतात ते बडोद्याच्या वाड्यात तेव्हाच नांदत होतं, आणि त्याचा कर्ता कवळाण्याचा होता. तो परका आहे, असं बडोद्याला कधी वाटलं नाही. उलट सक्तीचं प्राथमिक शिक्षण देऊन त्यानं गुजरातलाच मांडीवर घेतलं.

पण नाव दिलं की झालं, असंही नाही, आणि इथं माझ्याच म्हणण्याला मला आवर घालावा लागतो. १६०१ साली अकबरानं असीरगड घेतला आणि आपल्या दानियाल नावाच्या मुलावरून खानदेशचं नाव ‘दानदेश’ करून टाकलं. बादशहाचा हुकूम, पोराचं नाव, कागदावर शिक्का. कमी काय होतं? घेणाऱ्या घराची मर्जी कमी होती. नाव दोन दिवस टिकलं नाही म्हणा ना. पुढं १९०६मध्ये इंग्रजांनी पूर्व आणि पश्चिम खानदेश असे तुकडे केले, १९६०नंतर त्यांची जळगाव आणि धुळे अशी नावं झाली, १९९८मध्ये नंदुरबार वेगळं निघालं. एवढ्या वाटण्या होऊनही माणसं स्वतःला खानदेशीच म्हणवतात. तसंच वनस्पती तुपाचं. अमळनेरला १९४५च्या डिसेंबरात जी तेलाची कंपनी निघाली ती पुढं विप्रो झाली, आणि तिचा पहिला धंदा वनस्पतीचा. त्या पांढऱ्या गोळ्यानं ‘तूप’ हे आडनाव लावलं, लग्नाच्या पंगती मारल्या, कितीएक संसार स्वस्तात चालवले. पण कानबाईच्या नैवेद्यावर त्याला घराघरांतून नकार आला. कंपनीचे शेअर मात्र अमळनेरकरांनी जपून देवघराशेजारच्या कपाटात ठेवले, आणि त्या श्रद्धेचं फळ कोट्यवधींत मिळालं. तात्पर्य, मूल आपण होऊन आडनाव लावू शकत नाही. ते घरानं लावायचं असतं, आणि लावल्यावर निभवायचं असतं. आजच्या हॉटेलांतली पनीर-शेवभाजी आणि कोपऱ्यावरच्या गाडीवरची चायनीज भेळ ही मला दत्तक वाटत नाहीत. ती भाडेकरू. अकरा महिन्यांचा करार, पागडी नाही.

शेवभाजीचं तसं नाही. शेव रतलामलाही आहे, गुजरातेतही आहे, पण तिकडं ती कोरडी, चहाबरोबर बशीत बसणारी, पाहुण्यांसमोर नीट वागणारी. खानदेशानं तिला उचललं आणि जाळलेल्या खोबऱ्याच्या काळ्या रश्श्यात बुडवलं. त्या क्षणाकडं बारकाईनं पाहावं. रश्श्यावर बोटभर तेलाचा तवंग, त्यात जाड तिखट शेवेची मूठ पडते, आधी सगळी शेव वर तरंगते, कडांना बुडबुडे धरते, मग रस्सा पिऊन जड होते आणि एकेक काडी खाली बसते. फार लवकर घातली तर लगदा, फार उशिरा घातली तर ती शेव आणि तो रस्सा, दोघं एका घरात राहून अबोला धरलेल्या जावांसारखे. दत्तकाचं गणित यापेक्षा सोपं करून मला सांगता येणार नाही. मारवाडातली बाटी निखाऱ्यावर भाजतात. इकडं तिची चुलतबहीण बट्टी आधी शिजते, मग कापली जाते, मग तुपात तळली जाते आणि घोटलेल्या वांग्याच्या भाजीशेजारी जाऊन बसते. इथल्या एका डाळीला ‘फौजदारी डाळ’ म्हणतात. भारतीय दंडसंहितेला स्वयंपाकघरात दत्तक घेणारा दुसरा मुलूख मला ठाऊक नाही.

यावर पहिली हरकत येते आणि ती खरी वजनदार आहे: मूल म्हणजे भोपळा नव्हे. भोपळा विचारत नाही की माझी आई कोण होती. मिरचीला रात्री झोपेतून दचकून उठून जुनं गाव आठवत नाही. नाव बदलणं पदार्थाला मानाचं असेल, पण मुलाला ते पुसून टाकणंही होऊ शकतं. मान्य, शंभरदा मान्य. १९५६चा हिंदू दत्तक कायदा जन्मघराशी असलेलं नातं जवळजवळ तोडूनच टाकतो. लग्नाच्या निषिद्ध नात्यांपुरता तेवढा धागा ठेवतो. कायद्याला हे जमतं, जिभेला जमत नाही. सहा वर्षांचं मूल ओडिशातून आलं तर त्याला पखाळ आठवणार, पाण्यात आंबवलेला तो भात. आणि समोर येते दादर ज्वारीची भाकरी. त्याच्या दृष्टीनं ती भाकरी म्हणजे जेवणात चुकून आलेलं ताटाखालचं झाकण. अशा वेळी ‘आपल्याकडं हेच खातात’ म्हणणारं घर आणि डलहौसी यांत फार अंतर राहत नाही. उन्हाळ्यात धुळ्याचा पारा चढलेला असताना आंबवलेला थंड भात ही काही वाईट सूचना नव्हे. घरानं तो शिकावा, आणि वर्षभरात त्याला आपलं एखादं नाव पडेल याची खात्री बाळगावी.

मात्र या हरकतीचं दुसरं टोकही तितकंच हास्यास्पद आहे, आणि सुशिक्षित आईबाप त्या टोकाकडं धावतात. मूल आलं सात महिन्यांचं. त्याची ओडिया संस्कृती म्हणजे पेज आणि शी. तरी आईबाप ‘मुळांशी नातं’ म्हणून मोबाइलवर बघून छेनापोड भाजतात, रथयात्रेला छोटा रथ करतात, जगन्नाथाचे डोळे नीट गोल आलेत का म्हणून भांडतात. आणि मूल शेवेच्या पुडीकडं हात करून रडतं. परदेशात याचाच मोठा प्रयोग होऊन गेला. सर्वोच्च न्यायालयानं १९८४ साली लक्ष्मीकांत पांडे खटल्यात परदेशी दत्तकासाठी नियम घालून दिले, २००३मध्ये भारतानं हेग करार स्वीकारला. त्याआधी आणि त्यानंतर कितीतरी भारतीय मुलं स्वीडन, डेन्मार्क, नेदरलँड्स, अमेरिकेत गेली. तिथल्या प्रेमळ आईबापांनी मुलाला त्याची ‘भारतीय चव’ कळावी म्हणून भारतीय हॉटेलात नेलं, तर तिथं नान आणि बटर चिकन. आणि इंग्लंडात असलं तर ते रांधणारा बरेचदा बांगलादेशातल्या सिल्हेटचा. मूल जन्मानं महाराष्ट्रातलं असलं तरी त्याला वारसा मिळाला पंजाबचा, तोही कधी सिल्हेटच्या हातून, कधी क्रोनरमध्ये पैसे मोजून. म्हणून त्या आईबापांना हसावं असं मला वाटत नाही. मूल मिळालं त्या देशाला त्यांनी आपल्या टेबलावर खुर्ची मांडली, खुर्चीवर कोण येऊन बसलं हा पुढचा भाग.

जुन्या शास्त्रकारांना आपण उगाच कर्मठ म्हणतो. या पेचावर त्यांनी एक सुंदर तोड काढली होती. तिचं नाव ‘द्व्यामुष्यायण’. उच्चारताना दातात अडकतं खरं, पण अर्थ सरळ आहे: दोन बापांचा मुलगा. दत्तक देताना दोन्ही घरांनी ठरवायचं की हा दोघांचा, मग त्यानं पिंड दोन्हीकडं द्यायचा आणि वारसा दोन्हीकडून घ्यायचा. खानदेशात याची परीक्षा आखाजीला होते. अक्षय तृतीयेला इथं आखाजी म्हणतात. पितरांच्या नावानं घागर भरायची, वर डांगर ठेवायचं (आमच्याकडं डांगर म्हणजे खरबूज, भोपळा नव्हे, पुणेकरांनी गोंधळू नये), आमरस आणि खापरावरच्या मांडेवजा पुरणपोळ्या करायच्या. माहेरवाशिणी येऊन झोके बांधतात, गौराई बसते. आता जिचे जन्मदाते कोण हेच कागदावर नाही, तिनं घागर कुणाच्या नावानं भरायची? तर पितृतर्पणात नावगाव माहीत नसलेल्यांसाठीही पाणी सोडायची सोय आधीपासून आहे. शास्त्राला अनोळखी पूर्वज चालतात, अडतं ते आत्याबाईंचं. एक घागर जास्त भरली तर उन्हाळ्यात तेवढंच गार पाणी, एवढा व्यवहारी विचार खानदेशी माणसाला पटायला हरकत नाही. टँकरच्या दिवसांत घागर कुणाच्या नावाची होती, हे कुणी विचारलेलं ऐकिवात नाही.

दुसरी हरकत वयस्कर आणि दुखावलेल्या आवाजात येते: सगळंच बाहेरचं ठरवलंत, मग आमचं राहिलं काय? हा प्रश्न टिंगलीवारी नेण्यासारखा नाही. ज्यानं आयुष्यभर एका रीतीनं कानबाई उठवली त्याला ‘तुमचा भोपळा अमेरिकन’ असं सांगणं म्हणजे विद्वत्ता नव्हे, आगाऊपणा. (हा लेखही त्या आगाऊपणातून पुरता सुटलेला नाही.) पण उत्तर त्यांच्याच हातात आहे. तुमचं राहिलं ते जाळणं, ठेचणं, घोटणं, बुडवणं. बी कुठलंही असो, खलबत्ता तुमचा. धुळ्याला येऊन राहिलेल्या वि. का. राजवाड्यांनी जन्मभर शब्दांची कुळं खणली, आणि खणता खणता दिसलं ते हेच की शब्द वाट चालत येतात आणि घासून घासून इथले होतात. कोकणातल्या पालगडचे साने गुरुजी अमळनेरला मास्तर म्हणून आले, शाळेच्या छात्रालयातल्या पोरांत राहिले, आणि खानदेशानं त्यांना असं उचललं की पालगडचं नाव पुस्तकात तेवढं राहिलं. त्यांना कुणी दत्तक घेतल्याचा कागद नाही. मूळचं आपलं काय, हे मोजायला बसलात तर हाती उडीद आणि वांगं लागेल; आपलं केलेलं काय, हे मोजलंत तर परात पुरणार नाही. आणि रोटाची अट कायम ठेवायला माझी काहीच हरकत नाही. भाऊबंदांनीच खावेत. फक्त भाऊबंद कोण, हे गहू मोजणाऱ्या हातानं ठरवावं, आणि मोजताना मुलीच्या नावाची मूठही पडावी. पाच-सात दाणे इकडे तिकडे झाल्यानं देवी कोपल्याचं कुठं ऐकलेलं नाही.

नवरात्राच्या आगंमागं, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत, जळगावकडं मुलींची गुलाबाई असते. गाणी म्हणून झाली की खरा खेळ सुरू होतो: खाऊ ओळखायचा. जिच्या घरी गुलाबाई तिची आई झाकणाचा डबा आणते, कानाशी हलवून दाखवते, आणि मुली अंदाज बांधतात. वर्षानुवर्षं तेच खाऊ असल्यानं यात एक मोठी अडचण झालेली आहे. शंकरपाळे, चिवडा, पेढे, चिक्की, चौथ्या प्रश्नाला डबा फुटतोच. अशा वेळी झारखंडाहून आलेल्या मुलीच्या घरची पाळी येते. आई डब्यात ठेकुआ भरते, गूळ-गव्हाचे, साच्यात दाबून नक्षी उठवलेले आणि तळलेले. सातू आणि सत्तू एकच, हा शोध त्या घरात मागच्याच उन्हाळ्यात लागलेला असतो, त्यामुळं आईला आता धीर आलेला. डबा हलतो. जड आवाज येतो, लाकडी.

‘गोड का तिखट?’ गोड. ‘तळलेलं का भाजलेलं?’ तळलेलं. ‘शंकरपाळे!’ नाही. ‘मोठ्ठे शंकरपाळे!’ नाही. ‘बिस्कीट?’ नाही. ‘गुळाची दशमी?’ जवळ आलात, पण नाही. दहा मिनिटं होतात, पंधरा होतात, डब्याची मालकीण ओठ घट्ट मिटून बसलेली असते, आणि कोपऱ्यातल्या आत्याबाई, ज्यांना कळण्याच्या भाकरीची काळजी होती त्या, हळूच पुढं सरकून म्हणतात, ‘बाय, माले कानमा सांग ना.’